कासमशेटचं डेल्फ

कासमशेट दुसऱ्याच्या घरी जेवायला बसला तरी आधी प्लेट उचलून तिचं बूड बघायचा. थट्टा नाय करत. एकदा ईदला आमच्या खोलीवर आला होता. मी कोंबडीचा रस्सा केलेला, सांदणं केलेली, ताट वाढून पुढ्यात ठेवलं. ह्यानं ते भरलं ताट दोन्ही हातांनी वर धरलं आणि मान वाकडी करून खाली बघायला लागला. रस्सा बाहीतून कोपरापर्यंत गेला. नवा पांढरा अरबी झगा, इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती. आणि वर मलाच विचारतो, "खैरू, बुडाला शिक्का नाय या प्लेटीला. कुठनं उचललीस?"

मी म्हटलं, "शेट, बाजारातनं. शिक्का आतल्या रश्शाला पण नाय, तरी खाऊन बघा."

आमचे हे माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होते, गप बस म्हणून. कारण शेट. कारण बावीस वर्षांची नोकरी त्याच्याकडं. मी शिकले तिसरीपर्यंत, पण एवढं मला तेव्हाही कळत होतं, की जो माणूस समोरच्या जेवणाआधी प्लेटीचं बूड बघतो, त्याला भूक कसली ते कळलेलंच नाय. त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाय. तेव्हा तोंडावर करायचे, आता तो गेला. आता कशाला?

जेद्दाला बलद म्हणून जुना बाजार आहे, तिथल्या एका गल्लीत त्याचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं. आमचे हे, दाऊद त्यांचं नाव, तिथं कामाला. मी नंतर गेले, पोरगी नजमा तिथंच झाली. एक खोली, एक मोरी, तिसरा मजला. शेट आमच्याच बाजूचा, आमच्या खाडीच्या पलीकडच्या तिसऱ्या गावचा. त्याची आई आमच्या बाजाराला डोक्यावर सुकी मासळी घेऊन यायची, मी लहानपणी बघितलंय तिला. चांगली बाई होती. पण कोणी विचारलं की हा म्हणणार, "हम बंबई के." गावचा कोणी नवा दुकानात आला नि मराठीत बोलायला लागला तर ह्याचं उत्तर हिंदीत.

आणि हाच माणूस दिवसभर गावाचं नाव घेऊन बसायचा. स्वतःच्या नव्हे, हॉलंडच्या. निळीपांढरी भांडी असतात ना, पांढऱ्यावर निळी पवनचक्की, निळी होडी, निळी फुलं. त्याला तो डेल्फ म्हणायचा. गिऱ्हाईक आलं की सुरू. "डेल्फ हे नाव नाय, गाव आहे गाव! हॉलंडातलं. तिथं बनतं म्हणून डेल्फ. बूड बघ, बूड. बुडावर गावाचं नाव लिहिलेलं असतं. ज्याला बूड नाय त्याला काय नाय." मग आमच्या ह्यांच्याकडं बोट. "हा दाऊद. बावीस वर्षं माझ्याकडं, पण बूड नाय." गिऱ्हाईक हसायचं. हे पण हसायचे. घरी येऊन जेवताना मला सांगायचे तेव्हा हसत नसत.

त्या भांड्यांतलं शेटला काय कळत होतं? सांगते. परदेशातनं माल यायचा तेव्हा मागच्या बाजूला मी धुवायला बसायचे. कागदावर माझं नाव कुठं नव्हतं, नवऱ्याच्या परवान्यावर राहणारी बाई मी, मला कामाची मुभा नाय. पण गवत, भुसा, धूळ, ते कोण काढणार? शेटची बायको तर गावाला. पाण्यात हात घालून घालून नखं मऊ पडायची. आमच्या ह्यांनी मला शिकवलं होतं. दोन प्लेटी शेजारी धर. पवनचक्कीची पाती दोन्हीकडं केसाएवढीही हलली नसतील तर ती छापलेली. एकीचं पातं जरा जाड, दुसरीचं जरा वाकडं, तर ती हातानं रंगवलेली, कोणीतरी बसून कुंचला फिरवलाय. आणि काठाचा टवका उडाला की बघ, वरचा चकचकीत पांढरा थर नुसता अंगरखा असतो, आत माती पिवळसर, आमच्याकडच्या मडक्याच्या जवळची. चीनचं भांडं तसं नसतं, ते आतपर्यंत पांढरं. बोटानं टिचकी मारली तरी कळतं, चीनचं खणखणतं, हॉलंडचं ठप्प वाजतं. हे मला कळायचं. शेटला कळत नव्हतं, कारण त्यानं कधी प्लेट धुतली नाय. तो छापलेलं पण हातचं म्हणून विकायचा. बुडावर नाव आहे ना, बास.

आता तिकडची एक गोष्ट सांगावी लागेल, नायतर पुढचं कळणार नाय. तिकडं दुकान आपल्या नावावर करता यायचं नाय. कागदावर ते कफीलचं, म्हणजे तिकडच्या माणसाचं. आमचा कफील अबू फहद म्हणून म्हातारा होता. पाटीवर त्याचं नाव, खुर्चीवर कासमशेट. मग कासमशेट कागदावर कोण? प्रत्येकाचा इकामा असतो, राहायचा परवाना, त्यावर धंदा लिहिलेला असतो. शेटच्या इकाम्यावर लिहिलं होतं, माल चढवणारा-उतरवणारा. हम्माल. तेच आमच्या ह्यांच्याही इकाम्यावर. एका दुकानात दोन हम्माल, एक उचलायचा, एक बसायचा. शेट आपला इकामा पाकिटात सगळ्यात मागं ठेवायचा, कोणाला दिसू देत नसे. बाकी सगळ्यांची बुडं बघायचा.

मग ते सौदायझेशन आलं. भांड्यांच्या दुकानात विकायला तिथलाच माणूस हवा, असा हुकूम निघाला. मी त्यात काय वाईट म्हणणार नाय. त्यांचा मुलुख, त्यांची पोरं बेकार, त्यांनी आपली सोय बघितली. पण आमच्या गल्लीतली निम्मी माणसं गेली. माणशी फी पण लागली, बायकामुलं आधी गेली. आमच्या मजल्यावर चार कोकणी घरं होती, तिथं मी एकटी राहिले. संध्याकाळी वाटी घेऊन कोणाच्या दारात जायचं म्हटलं तर दार नाय.

दुकानात अबू फहदनं आपल्या नात्यातली एक बाई बसवली. हेस्सा तिचं नाव. विधवा, चाळिशीची, डोळे तेवढे दिसायचे, पण डोळ्यांत सगळं. शेटला वाटलं, बाई काय, खुर्चीवर बसेल, मोबाइल बघेल. पहिल्या दिवशी तिला म्हणाला, "तू नुसती बस. डेल्फचं बोलायचं काम माझं."

हेस्सानं आठ दिवस ऐकून घेतलं. मग एका दुपारी मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा तिनं आमच्या ह्यांना हाक मारली. "दाऊद, ये. ह्या दोन प्लेटींत काय फरक?" ह्यांनी शेटकडं बघितलं, मग हळूच दाखवलं, पाती, टवका, टिचकी. ती ऐकत होती, मोबाइलमध्ये बघत होती. मग मान वर केली. "शेख कासम, तुम्ही चायनाच्या मालाला शिव्या देता ना?"

"कचरा! चायना म्हणजे कचरा."

"इथं लिहिलंय, हॉलंडचे लोक हे चीनचं बघूनच शिकले. चीनचा माल यायचा बंद झाला, म्हणून त्यांनी आपल्या मातीवर पांढरं चढवून तसंच निळं काढलं. आणि ही वरची रांग तर चीनमध्येच बनलीय. बुडावर नाव हॉलंडच्या गावाचं आहे फक्त."

शेटचा चेहरा बघण्यासारखा होता. तांबडा झाला, मग म्हणाला, "बायकांनी मोबाइल वाचून धंदा होत नाय." हेस्सा म्हणाली, "तैयिब," म्हणजे बरं. आणि दुसऱ्या दिवशी वरच्या रांगेखाली कागद चिकटवला, छापील, आणि खालच्या रांगेला, हातचं. गिऱ्हाईक वाढलं. लोकांना खरं सांगितलेलं चालतं, हे शेटला शेवटपर्यंत पटलं नाय.

तर नजमा तेव्हा बारावीला होती. तिथल्या इंडियन शाळेत. आमच्या घरात बाई सातवीच्या पुढं गेली नव्हती. मला तिसरीतनं काढली, धाकट्या भावाला सांभाळायला. रडले वगैरे नाय, तेव्हा सगळ्याच पोरींचं तसं होतं. पण नजमाचं तसं होऊ द्यायचं नाय, एवढं मी धरून ठेवलं होतं. तिला औषधांचं शिकायचं होतं. तिचा परीक्षेचा नंबर त्या शाळेतनं लागलेला. मधेच गावी जावं लागलं तर वर्ष गेलं, आणि गावी वर्ष गेलेल्या पोरीचं काय होतं ते मला माहीत होतं. लोक स्थळं घेऊन येतात.

आमच्या इकाम्याची मुदत परीक्षेच्या आधीच संपत होती. म्हणून मी एक दिवस स्वतः दुकानात गेले, नजमाला घेऊन. शेटला म्हटलं, "शेट, मला दुसरं काय नको. परीक्षा होईपर्यंत ह्यांना राहू द्या. मग आम्ही आपणहून जातो."

त्यानं नजमाच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्या दुकानासमोर. "नजमाची परीक्षा होईपर्यंत दाऊदला कोणी हात लावणार नाय. ये कासम की जबान है."

नजमा बाहेर आल्यावर म्हणाली, "अम्मी, ही डझन्ट इव्हन नो माय क्लास. त्यांनी मला विचारलं, आठवी का?"

गल्लीत एक रीत पडली होती. तपासणीवाले आले की कोपऱ्यावरचा चहावाला किटलीवर चमचा आपटायचा. मग विकायला उभे असलेले परदेशी लोक मागच्या दारानं पसार. शेटला पळणं शोभत नसे. तो हम्माल ना कागदावर? म्हणून त्यानं खुर्चीखाली एक रिकामा खोका ठेवलेला. चमचा वाजला की खोका खांद्यावर, आणि हा दुकानात इकडून तिकडं चालतोय. रिकामा खोका, आणि तोंड असं करायचा की जसं अख्खं बंदर डोक्यावर घेतलंय. आम्ही त्या खोक्याला शेटचा इकामा म्हणायचो.

परीक्षेला दोन महिने होते. दुपारची नमाज व्हायची होती. मी डबा घेऊन नुकती आत आले, तोंडावर बुरखा. हेस्सा मागं हातपाय धुवायला गेली होती. शेट तिच्या खुर्चीवर, हातात डेल्फची मोठी प्लेट, रुमालानं पुसत बसलेला. आमचे हे कोठारातनं भरलेला खोका खांद्यावर घेऊन येत होते. त्या दिवशी तपासणीवाले दुसऱ्या गल्लीनं आले. चमचा वाजलाच नाय. दोघं जण गळ्यात कार्ड घालून दारात उभे.

शेटनं खुर्चीखाली हात घातला. तिथं खोका नव्हता. ह्यांनी सकाळी तोच घेऊन माल भरला होता, रिकामा पडलाय म्हणून. तोच ह्यांच्या खांद्यावर होता.

मग त्यानं जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. उठला, हातातली प्लेट आमच्या ह्यांच्या हातात कोंबली आणि खांद्यावरचा खोका ओढून आपल्या खांद्यावर घेतला. साठीचा माणूस, पण त्या वेळी मांजरासारखा. खोका भरलेला, गुडघे वाकले, तरी सोडला नाय.

मोठा तपासणीवाला म्हणाला, "इथं कोण विकतं?"

शेट खोक्याच्या आडून म्हणाला, "हा. हा विकतो. मी हम्माल." मग बोट माझ्याकडं. "या बाईला विकत होता आत्ता."

तो मला ओळखत नव्हता असं नाय. माझ्या हातातला डबा त्यानं शेकडो वेळा बघितला होता, त्यातलं खाल्लंही होतं. तरी बोट केलं. माझाच नवरा मलाच प्लेट विकत होता म्हणे.

हे प्लेट छातीशी धरून उभे, पडू नये म्हणून. विकताना सापडला तर सरळ घरी धाडतात, आणि सगळ्या घरादाराला जावं लागतं. माझ्या डोक्यात अल्ला पण आला नाय, फक्त नजमाच्या परीक्षेचं वेळापत्रक आलं. भिंतीला टाचणीनं लावलेलं.

मी पुढं झाले. मला अरबी कळतं बरंच, बोलता बाजारापुरतं येतं. म्हटलं, "हाजा जौजी." हा माझा नवरा. आणि डबा उघडला, टेबलावर ठेवला. "हाजा गदा." हे त्याचं जेवण. त्या दिवशी बांगड्याचं कालवण होतं, वास दुकानभर. धाकट्या तपासणीवाल्यानं तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून. मोठा हसला नाय. त्यानं दोघांचे इकामे मागितले. वाचले. परत वाचले.

"दोघं हम्माल," तो म्हणाला. "एका दुकानात दोन. ठीक आहे." मग फळीवरच्या बारा प्लेटी काढल्या, सहा-सहा वाटल्या, दोन रिकामे खोके मागवले. "बांधा. प्रवासाला जायचंय असं समजा."

शेटनं खोका खाली ठेवला, घाम पुसला. त्यानं सहा प्लेटी एकावर एक आडव्या ठेवल्या, थप्पी लावतात तशा. वर एक कागद पसरला. झाकण लावलं. बावीस वर्षं त्याच्या डोळ्यांदेखत रोज माल बांधला जायचा, पण त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्याचं लक्ष बुडावर.

आमच्या ह्यांनी तळाला कागदाचे बोळे केले. एकेक प्लेट कागदात गुंडाळली, आणि उभी लावली, काठावर, पुस्तकं लावतात तशी. आडवी ठेवली की वरचा भार खालचीवर येतो, उभी असली की प्रत्येक प्लेट आपापला भार घेते. मधल्या फटींत अजून बोळे. सुतळी मारली. खोका उचलून कानाशी हलवला. काय वाजलं नाय.

मोठ्या तपासणीवाल्यानं शेटचा खोका उचलला आणि हलवला. आत कडकन आवाज झाला.

तेवढ्यात हेस्सा मागनं आली, हात ओले. मोठ्या तपासणीवाल्यानं तिला विचारलं, "हे दोघं कोण?"

शेट तिच्याकडं बघत होता. असा बघत होता की मला क्षणभर कीव आली. क्षणभरच. हेस्साला पण भीती असणारच, दुकान बंद झालं तर तिची पण रोजी जाणार होती. तिनं ह्यांच्याकडं बोट केलं. "हा हम्माल. माल हाच बांधतो, हाच उचलतो. विकते मी." मग शेटकडं. "हा कोण ते अबू फहदला विचारा. ह्याला मी आजच पहिल्यांदा काही उचलताना बघतेय."

बस. पुढं काय झालं ते सगळं मला ठाऊक नाय. अबू फहदला बोलावलं, कागद झाले, दुकानाला काही दिवस कुलूप. शेटला खुरूज लागला, म्हणजे कायमचं परत जायचं. पण त्याच्या कागदांना वेळ लागत होता, तोवर तो तिथंच.

आमचं तरी काय सुटलं होतं? दुकान बंद, कफील चिडलेला, इकाम्याचे पंचवीस दिवस राहिलेले. मी तीन बॅगा भरून दारामागं ठेवल्या. नजमा इस्त्रीच्या टेबलावर पुस्तक ठेवून उभ्यानं वाचायची, कारण बसली की झोप येते म्हणे. मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला बॅगा दिसत होत्या. ती बॅगांकडं पाठ करून उभी राहायची.

मी हेस्साच्या घरी गेले. एकटी, टॅक्सी करून. काय मागितलं नाय, नुसतं सांगितलं, पोरीची परीक्षा आहे, एवढे दिवस कमी पडतात. तिनं मला कॉफी दिली, खजूर दिले, माझं ऐकलं, आणि म्हणाली, "माझी मोठी पण बारावीलाच आहे." चौथ्या दिवशी दुकान उघडलं. अबू फहदनं ह्यांचा इकामा वाढवला. हेस्सानं त्याला सांगितलं होतं, हा नसला तर माल कोण उघडणार, मी? शेटनं सगळ्यांसमोर दिलेली जबान एकीकडं, आणि त्या परक्या बाईनं न दिलेली एकीकडं.

नजमाचा केमिस्ट्रीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता, तेव्हा संध्याकाळी दार वाजलं. शेट. मागं टॅक्सीवाला, त्याच्या हातात दोन मोठ्या पिशव्या. आत चादरीत गुंडाळलेल्या प्लेटी. एक हॉलंडवाला कधीकाळी घर मोडून जाताना त्याला विकून गेला होता, त्या खऱ्या, हातच्या. त्या त्यानं कधी विकल्या नव्हत्या.

आत आला, बसा म्हणायच्या आधी बसला. म्हणाला, "दाऊद, परवा माझं विमान. हे बांधून दे. तुला येतं ते."

एवढंच. माफी नाय, लाज नाय. झालं ते झालं, एवढंही नाय. मी त्याला पाण्याचा पेला दिला, कारण दारी आलेल्याला पाणी द्यायचं असतं. चहा दिला नाय. गल्लीत कोणी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, दिला नाय.

आणि आमचे हे उठले. कोपऱ्यातले जुने पेपर काढले, माझ्याकडं सुतळी मागितली. मी दिली नाय, स्वतः शोधून घेतली. खाली बसले आणि बोळे करायला लागले. नजमा पुस्तकातनं वर बघत होती. शेटसमोरच मोठ्यानं म्हणाली, "अब्बा, व्हाय आर यू डूइंग दिस? ह्यांनी तुम्हाला पकडून दिलं होतं."

शेट भिंतीकडं बघत होता. हे एक प्लेट दिव्याकडं धरून बघत होते, तिच्यावर एक निळी होडी होती, शीड जरा वाकडं. म्हणाले, "प्लेटींनी काय केलंय, बाळा? तू वाच."

तासभर लागला. शेट तासभर बसून होता, एका कागदाचा बोळा त्यानं केला नाय. जाताना दारात थांबला, माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता तरी. तोंड उघडलं त्यानं.

"बघ खैरू, मी म्हटलं होतं ना? परीक्षा होईपर्यंत दाऊदला कोणी हात लावणार नाय. झालं ना तसंच? कासमची जबान आहे."

मी दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर. आयुष्यात एवढं एकच दार मी कोणाच्या तोंडावर लावलंय.

नजमा पास झाली. आम्ही त्याच तीन बॅगा घेऊन परत आलो. ती औषधांचं शिकली, आता तालुक्याला एका दवाखान्यात कामाला आहे, स्थळं घेऊन येणाऱ्यांना स्वतःच उत्तरं देते. आमच्या ह्यांना गुडघ्याचा त्रास आहे, घरी असतात. गावात कोणाचं लग्नाचं भांडंकुंडं पाठवायचं असलं तर बांधायला ह्यांनाच बोलावतात. पैसे घेत नाहीत. ते त्यांचं.

कासमशेट गेल्या वर्षी वारला. आमच्यात माणूस गेला की घरचे चार जणांना विचारतात, गेलेल्याचं काय बोलणं-चालणं झालं असेल तर माफ करा म्हणून. त्याच्या बायकोनं फोन केला, हलीमा तिचं नाव. तीस वर्षं नवरा परदेशी, हिनं सासू सांभाळली. त्याला कधी भेटली असेल, वर्षातनं महिनाभर. आमच्या ह्यांनी लगेच सांगितलं, माफ केलं, अल्ला त्याला जन्नत देवो. मनापासून म्हणाले, मला ठाऊक आहे. मग फोन माझ्याकडं दिला.

मी म्हटलं, "सबर कर, बाय. काय पोटात गेलं का सकाळपासून?"

ती म्हणाली, "गेलं, शेजारणीनं पेज आणली." मग रडत म्हणाली, "खैरू, तू पण म्हण ना. तू म्हटलंस की मला बरं वाटंल."

आमचे हे माझ्याकडं बघत होते. त्याच डोळ्यांनी, म्हण एकदाचं म्हणून.

मी म्हटलं, "हलीमा, तुझ्यावर माझा काय राग नाय. तुला सगळं माफ आहे."

ती थांबली. तिला कळलं, ती काय शेटसारखी नव्हती. मग तीच म्हणाली, "बरं, खैरू," आणि फोन ठेवला.